‘अप्पमाद’ आणि त्याचे इंग्रजी पर्याय

धम्मपदाचा दुसरा वर्ग, ‘अप्पमादवग्ग’, १२ गाथांचा आहे. निग्रोध सामणेराने सम्राट अशोकास याच वर्गाचा उपदेश केला, अशी पाली परंपरा आहे. या शब्दासाठी मॅक्सम्युलर यांनी १८८१ साली ‘अर्नेस्टनेस’ योजला, त्याच वर्षी ऱ्हीस डेव्हिड्स यांनी भगवंतांच्या अंतिम वचनाच्या अनुवादात ‘डिलिजन्स’ स्वीकारला, डॉ. राधाकृष्णन यांनी १९५० साली ‘व्हिजिलन्स’ पसंत केला. ‘हीडफुलनेस’ हाही पर्याय रूढ आहे.

हे शब्द समानार्थी नव्हेत. पहिल्यात मनाचे गांभीर्य आहे, दुसऱ्यात उद्योगशीलता. ‘व्हिजिलन्स’चे मूळ लॅटिनमधील जागे राहण्याच्या क्रियापदात असून त्यात संकटावर पहारा ठेवण्याची छटा आहे, ‘हीडफुलनेस’मध्ये मिळालेला इशारा मनावर घेण्याची. पाली शब्दाच्या मुळाशी मात्र ‘मद्’ हा धुंद होण्याचा धातू आहे. तेव्हा अप्पमादाचा खरा शत्रू बाहेर नसून आत आहे.

मराठीत ‘प्रमाद’ म्हणजे चूक; त्यामुळे ‘अप्रमाद’ म्हणजे निर्दोषता, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः पाचव्या शीलातील ‘पमादट्ठान’ हा शब्द उपासक नित्य उच्चारतात. तेथे मद्य त्याज्य ठरते, ते बेसावधपणाचे कारण म्हणून. या दृष्टीने ‘हीडफुलनेस’ आम्हांस मूळाच्या अधिक जवळचा वाटतो, आणि मराठीत ‘सावधानता’. शीलाचा अर्थ शब्दाच्या अर्थावर अवलंबून असल्याने ही चर्चा केवळ कोशकारांची नव्हे.