स्वार तोच, घोडाही तोच: भातवडीपासून घोडेमोडणीपर्यंत

१/ कमरेला लाकडी घोडा, पायांत घुंगरू, एका हातात लगाम, दुसऱ्या हातात तलवार. घोड्याला पाय नाहीत, ते स्वाराचेच. प्रौढ माणसे गंभीरपणे घोडा का होतात? या प्रश्नाचा माग काढताना आपण नगरपासून गोव्याच्या रानापर्यंत जाणार आहोत. #धागा

२/ आरंभ नगरजवळच्या भातवडीत. १६२४ मध्ये मलिक अंबरने येथे मोगल आणि आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. शहाजीराजे निजामशाहीच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी रणात पडले. चपळ घोडदळ हे अंबरच्या गनिमी युद्धतंत्राचे मुख्य बळ होते.

३/ त्या काळच्या दख्खनी घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. म्हणजे घोडा हे केवळ वाहन नव्हते. तो कोणाच्या मालकीचा, यावरून स्वाराची पायरी ठरत असे.

४/ आणि घोडा महाग होता. उत्तम अरबी घोडे समुद्रमार्गे येत. गोवा हे त्या व्यापाराचे प्रमुख बंदर. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी या व्यापारावर आपली पकड बसवली. सामान्य कुणब्याच्या दारात असा घोडा कोठून येणार?

५/ आता सत्तरीकडे वळू. सह्याद्रीच्या कुशीतला, दाट रानाचा हा गोव्याचा तालुका अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे गेला. पण राणे घराण्याने त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. १८५२ मध्ये दीपाजी राणे यांनी नाणूसचा किल्ला घेतला. तो उठाव १८५५ पर्यंत धुमसत राहिला. डोंगर आणि जंगल हाच बंडखोरांचा आसरा होता.

६/ सत्तरी, डिचोली, पेडणे या भागांत शिगम्याला घोडेमोडणी होते. लाकूड-बांबूचा सांगाडा, त्याला पुढे घोड्याचे तोंड, वर रंगीत कापड, स्वाराच्या डोक्याला फुलांनी सजवलेला फेटा. ढोल, ताशे, कासाळे वाजू लागले की स्वारांच्या रांगा पुढे झेपावतात, मागे सरतात. गाणे नसते; ताल आणि पावले पुरतात.

७/ लोकस्मृती सांगते, हा राण्यांनी पोर्तुगीजांवर मिळवलेल्या विजयाचा जल्लोष आहे. येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थांबावे. दाट रानातल्या गनिमी लढाईत घोडदळाला वाव कितीसा? नृत्य हा लढाईचा अहवाल नव्हे. लढाई कशी आठवावी याविषयी गावाने घेतलेला तो निर्णय आहे.

८/ आता दक्षिणेकडे. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले. तेथे मराठी राज्य १८५५ पर्यंत टिकले. तमिळनाडूत ‘पोय्क्काल कुदिरै’, म्हणजे ‘खोट्या पायांचा घोडा’, हे नृत्य आहे. नर्तक लाकडी पायांवर उभा राहून कमरेला घोडा बांधतो. परंपरा त्याचे नाते तंजावरच्या मराठी दरबाराशी जोडते.

९/ ही कल्पना केवळ आपली नाही. इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या पॅडस्टो गावी दर १ मे रोजी माणूस काळ्या कापडाने मढवलेल्या चौकटीखाली शिरून ‘घोडा’ होतो आणि गाव त्याच्याभोवती नाचते. सत्तरीत मात्र त्या घोड्यावर तलवारधारी स्वार आहे. तेथे ऋतूच्या उत्सवात युद्धाची आठवण मिसळली आहे.

१०/ म्हणून ‘शिलेदार’ हा शब्द पुन्हा आठवावा. ज्याला खरा घोडा कधी परवडला नाही, तो स्वतःच्या हाताने घोडा घडवतो आणि निदान शिगम्यापुरता कोणाचाही बारगीर राहत नाही. किल्ल्यांचे दगड आपण जपतो. दरवर्षी नव्याने सजणारा हा बांबूचा घोडाही इतिहासाचे साधनच आहे. पुढच्या शिगम्याला तलवारीआधी त्या स्वाराच्या पावलांकडे पाहा. #इतिहास