निदान एक, शिकणे वेगळे : व्हिक्टरची गोष्ट

"डॉक्टर, याला शिकवून काही उपयोग होईल का हो?"

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचे आईवडील हा प्रश्न बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत विचारतात. पहिल्या भेटीत धीर होत नाही. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये याच प्रश्नावर दोन डॉक्टरांचे मतभेद झाले होते. आजच्या विशेष शिक्षणाची एक मोठी सुरुवात तिथे झाली.

१८०० च्या जानेवारीत दक्षिण फ्रान्समधल्या आव्हेरों भागात साधारण बारा वर्षांचा एक मुलगा सापडला. रानात एकटा राहिलेला, बोलता न येणारा. त्याला पॅरिसच्या मूकबधिर संस्थेत आणले. फिलिप पिनेल या त्या काळच्या नामवंत मनोविकारतज्ज्ञांनी त्याला तपासले आणि सांगितले की याची बुद्धीच कमी आहे, सुधारणेची आशा नाही. संस्थेचे तरुण डॉक्टर झां इतार यांना ते पटले नाही. माणसांचा सहवास मिळाला नाही म्हणून मुलगा असा झाला, शिकवून तर पाहू, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी त्याचे नाव व्हिक्टर ठेवले.

आज अनेक अभ्यासकांना वाटते की व्हिक्टरला मुळातच विकासाची अडचण असावी, कदाचित स्वमग्नता. म्हणजे निदानात पिनेलच बरोबर असू शकतात! त्यांचे चुकले ते पुढचे पाऊल : 'निदान हे, म्हणून शिकवण्यात अर्थ नाही.' हीच चूक आजही होते, आम्हा डॉक्टरांकडूनसुद्धा.

इतार यांनी सुरुवात शब्दांपासून केली नाही. आधी स्पर्श, गरम-गार, चव, आवाज. मग वस्तू आणि तिचे चित्र यांच्या जोड्या लावणे. त्यानंतर सुटी अक्षरे. दुधासाठी असलेला चार अक्षरांचा फ्रेंच शब्द व्हिक्टर जुळवायला शिकला. आठवडाभराने एका संध्याकाळी तो ती चार अक्षरे खिशात घालून बाहेर पडला. रोज जिथे दूध मिळायचे त्या घरी जाऊन त्याने टेबलावर शब्द मांडला. कोणीही सांगितले नव्हते.

त्याला सांभाळणाऱ्या मादाम गेरें यांचा नवरा वारला, तेव्हाचीही एक नोंद आहे. व्हिक्टरने सवयीने त्याचेही ताट मांडले. बाईंना रडू कोसळलेले पाहून त्याने ते उचलून ठेवले, आणि पुन्हा कधी मांडले नाही. बुद्ध्यांकाच्या कोणत्या रकान्यात हे बसवायचे?

व्हिक्टर बोलायला मात्र शिकला नाही. सुमारे पाच वर्षांनी इतार यांनी शिकवणे थांबवले. १८०६ च्या त्यांच्या अहवालात निराशा स्पष्ट दिसते. व्हिक्टर १८२८ मध्ये, मादाम गेरें यांच्याच घरी, वारला.

पण पद्धत टिकली. इतार यांचे शिष्य एदुआर सेगें यांनी ती बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी वाढवली आणि पुढे अमेरिकेत नेली. साठेक वर्षांनी रोममधल्या एका डॉक्टर बाईंनी या दोघांचे लेखन स्वतःच्या हाताने फ्रेंचमधून उतरवून काढले आणि आधी अशाच मुलांना त्या पद्धतीने शिकवले. त्या मारिया माँटेसरी. त्यांचे बालगृह १९०७ मध्ये सुरू झाले, १९३९ मध्ये त्या भारतातही आल्या. आपल्याकडे महागड्या शाळांच्या पाटीवर हे नाव दिसते, पण त्या लाकडी ठोकळ्यांची आणि खरखरीत अक्षरांची मुळे 'शिकणार नाही' म्हटलेल्या मुलांच्या वर्गात आहेत.

म्हणून बुद्ध्यांकाचा आकडा सांगून झाला की मी पालकांना विचारतो : सध्या तो स्वतःहून काय करतो? बटण लावतो? हवे ते बोटाने दाखवतो? पुढची पायरी तिथून ठरते. मूल लहान असेल तर वाट पाहू नका. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी आणि उपचार मोफत असतात. अपंगत्व किमान ४० टक्के असल्याचे प्रमाणपत्र असेल, तर २०१६ च्या कायद्याने ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्कही आहे. शाळेने नाही म्हटले, तर ते लेखी मागा.