शर्ली हॉर्न: आधी पियानोवादक, मग गायिका

शर्ली हॉर्न यांचे नाव निघाले की जॅझचे रसिक दोन गोष्टी ठरल्यासारख्या सांगतात. पहिली अशी की, त्या अतिसंथ लयीत बॅलड गाणाऱ्या गायिका होत्या आणि पियानो ही त्यांची हाताशी असलेली साथ होती. दुसरी अशी की, ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने 1960 च्या सुमारास त्यांना उजेडात आणले, मग त्या संसारात गडप झाल्या आणि 1987 मध्ये 'व्हर्व्ह' कंपनीने त्यांना पुन्हा शोधून काढले. दोन्ही मतांत थोडे तथ्य आहे, म्हणूनच ती इतकी टिकली. निष्कर्ष मात्र दोन्हींचे चुकलेले आहेत.

आधी दुसरे मत घेऊ. 'एम्बर्स अँड अ‍ॅशेस' ही पहिली तबकडी ऐकून डेव्हिसने हॉर्न यांना न्यूयॉर्कला बोलावले आणि 'व्हिलेज व्हॅनगार्ड'मध्ये आपल्या आधी त्यांचा कार्यक्रम व्हावा असा आग्रह धरला, हे खरे. मुलीला वाढवण्यासाठी त्यांनी दौरे आवरते घेतले, हेही खरे. पण दौरे थांबले म्हणून वाजवणे थांबले नाही. वॉशिंग्टन आणि आसपासच्या क्लबांत त्या गात-वाजवत होत्याच. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला 'व्हेअर आर यू गोइंग' निघाली. 1978 मध्ये 'स्टीपलचेज' या डॅनिश कंपनीसाठी त्यांनी 'अ लेझी आफ्टरनून' ध्वनिमुद्रित केली, तर 1981 मध्ये हॉलंडच्या नॉर्थ सी महोत्सवातल्या त्यांच्या मैफली मुद्रित झाल्या. बेसवर चार्ल्स एबल्स आणि ड्रम्सवर स्टीव्ह विल्यम्स हे पुढे अनेक वर्षे टिकलेले त्रिकूट याच तथाकथित अज्ञातवासात जुळले. 'व्हर्व्ह'ने 1987 मध्ये हॉलिवूडच्या एका क्लबात मुद्रित केले ते हेच तयार त्रिकूट. तेव्हा शोध लागला तो बड्या कंपन्यांना. कलावंत आपल्या जागीच होता.

आता पहिले मत. हॉर्न यांचा जन्म 1934 चा, वॉशिंग्टनचा. चौथ्या वर्षी पियानो, बाराव्या वर्षी हॉवर्ड विद्यापीठात संगीताचे शिक्षण. पुढे न्यूयॉर्कच्या जुलियर्डमध्ये प्रवेश मिळत होता, पण खर्च झेपला नाही. वयाच्या सतराव्या वर्षी त्या एका रेस्टॉरंटमध्ये पियानो वाजवत असताना एका गिऱ्हाइकाने, 'गाणे म्हटलेस तर हे तुझे,' म्हणून भलेमोठे खेळण्यातले अस्वल पुढे केले आणि तिथून गाणे सुरू झाले, अशी हकिगत आहे. आपली दैवते सांगतानाही त्यांनी पियानोवादकांचीच नावे घेतली: ऑस्कर पीटरसन हा त्यांचा रखमानिनॉफ आणि अहमद जमाल हा त्यांचा देब्यूसी.

ही क्रमवारी लक्षात घेतली की त्यांच्या संथपणाचा उलगडा होतो. लय इतकी उतरवली की दोन शब्दांमध्ये मोठी पोकळी पडते. साथीदार वेगळा असेल तर तो बहुधा ती भरून काढतो, कारण गायिका पुढचा शब्द कधी उचलणार हे त्याला अदमासानेच ओळखावे लागते. ख्यालात पेटीवाला गवयाच्या किंचित मागे असतो, तसेच हे. हॉर्न यांना अदमास बांधण्याची गरजच नव्हती. त्या शब्द सोडून देत, पोकळी तशीच राहू देत आणि मग असा एखादा स्वरसंघ ठेवत की आधीच्या शब्दाचा अर्थच पालटावा. वाक्य गळ्यात सुरू होऊन बोटांत पुरे होई. ही लय गळ्यातून आलेली नाही; ती पियानोवादकाच्या कानातून आलेली आहे.

याचा पडताळा 1963 च्या 'मर्क्युरी' कंपनीच्या तबकड्यांत मिळतो. तिथे पियानो दुसऱ्यांच्या हाती देऊन हॉर्न यांना केवळ गायला उभे केले होते. आवाज तोच, वाद्यवृंद सफाईदार. पण वर सांगितलेली पोकळी तिथे जवळजवळ सापडत नाही.

प्रतिपक्ष इथे 2003 च्या 'मे द म्युझिक नेव्हर एंड'कडे बोट दाखवील. मधुमेहामुळे पाऊल गमावल्यावर पेडल दाबणे अशक्य झाले होते. त्यामुळे पियानोवर मुख्यतः जॉर्ज मेस्टरहाझी बसले. तरीही ती तबकडी उत्तम झाली. मान्य. पण मेस्टरहाझींचे श्रेय नेमके कशात आहे? हॉर्न यांनी आधीच्या चार दशकांत घडवलेल्या मोकळ्या जागा त्यांनी ओळखल्या आणि त्या मोकळ्याच ठेवल्या. अपवाद म्हणून दाखवलेले हे उदाहरण नियमालाच पुष्टी देते.

हॉर्न 2005 मध्ये गेल्या. 'आय रिमेंबर माइल्स'बद्दल त्यांना ग्रॅमी मिळाले तेही गायनाच्या गटातले. तो गौरव रास्त होता, पण निम्म्या कलेचा होता. 1963 आणि 1987 ची ध्वनिमुद्रणे एका बैठकीत लागोपाठ ऐकावीत आणि कान आवाजावर न ठेवता शब्दांच्या मधल्या जागांवर ठेवावा. शर्ली हॉर्न यांचे नाव पियानोवादकांच्या यादीत का हवे, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागणार नाही.