फुगत्या रेघेचं कूळ

तांब्याच्या पत्र्यावर ब्युरिन नावाची पोलादी कोरणी पेनासारखी चालवत नाहीत. तिची मूठ तळहातात धरून ती पुढे रेटायची. वळण हवं असेल तर चामड्याच्या उशीवरचा पत्राच दुसऱ्या हाताने फिरवायचा. कोरणी खोल गेली की चर रुंद होतो, त्यात शाई जास्त मावते आणि ओलसर कागदावर रेघ जाड उमटते. हात हलका झाला की ती बारीक होत विरते. आपल्या पाचशेच्या नोटेवर गांधीजींचं चित्र बोटाला लागतं, तेही चरातल्या शाईच्या छपाईमुळेच.

ही फुगती रेघ सोळाव्या शतकात कोर्नेलिस कोर्टने रुळवली आणि हार्लेमच्या हेन्ड्रिक गोल्टझियसने तिला टोकाला नेलं. लहानपणी भाजल्यामुळे त्याचा उजवा हात नीट उघडत नसे, तरी याच हाताने त्याने ही रेघ कोरली. पुढे तर त्याने बोरू आणि शाईने कोरीव छाप्यासारखी दिसणारी चित्रं काढली, थेट चर्मपत्रावर आणि कॅनव्हासवरही.

मला मात्र या कुळात सगळ्यात मोठा वाटतो तो फ्रान्सचा क्लोद मेलाँ. आडव्याउभ्या रेघांची जाळी त्याने बहुतेक सोडूनच दिली. समांतर रेघा शेजारी शेजारी चालवायच्या आणि सावली हवी तिथे त्याच रेघा जाड करायच्या. 1636 साली रोमहून परतताना तो प्रोव्हान्समध्ये पेइरेस्क या विद्याव्यासंगी उमरावाकडे थांबला. दुर्बिणीतून दिसणाऱ्या चंद्राची चित्रं पेइरेस्कने त्याच्याकडून करवून घेतली. मेलाँने यजमानाचंही रेखाटन केलं, आणि 1637 साली ते तांब्यावर कोरलं. चंद्राचे खळगे आणि म्हाताऱ्या उमरावाचा चेहरा एकाच हाताने टिपले, याचं मला फार अप्रूप आहे. 1649 साली तर त्याने ख्रिस्ताचा अख्खा चेहरा नाकाच्या शेंड्यापासून निघणाऱ्या एकाच सर्पिल रेघेत कोरला.

त्याच्या मागून आलेल्या रोबेर नांतयने चेहऱ्यासाठी बारीक तुटक रेघा आणि ठिपके वापरले. त्याच्याकडून आपलं चित्र काढून घ्यायला दरबारी माणसं उत्सुक असत. 1660 साली चौदाव्या लुईने सँ-जाँ-द-लुझ इथून फर्मान काढलं, आणि तांब्यावर कोरणारे लोक कारागीर-संघांच्या बंधनांतून मोकळे होऊन कलावंत ठरले.