गीतकाराच्या रकान्यात

माझा मावसभाऊ दारव्ह्याला असतो. वय तेवीस. एक गिटार आणि घरची वऱ्हाडी, एवढ्यावर त्यानं सात गाण्यांचा पहिला अल्बम केला. रेकॉर्डिंग मागच्या खोलीत, रात्री, पंखा बंद करून. (मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात पंखा बंद करणं म्हणजे काय, हे इथल्यालाच कळेल.) परवा त्यानं गाणी ॲपवर चढवायच्या फॉर्मचा स्क्रीनशॉट पाठवला. चौथ्या गाण्यासमोर, गीतकाराच्या रकान्यात, त्यानं लिहिलं होतं: पारंपरिक.

मी म्हटलं, थांब. त्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत.

इतिहास शिकताना 'पारंपरिक' हा शब्द मला फार वेळा भेटला. बहुतेक वेळा त्याच्याखाली एखाद्या बाईचं नाव दबलेलं असतं.

गाणं कुणाचं हे गाण्यातच सांगायची सोय आपल्याकडे जुनी आहे. नामदेव, जनाबाई, तुकाराम शेवटच्या चरणात स्वतःचं नाव गुंफतात. आमच्या विदर्भात तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) स्वतः लिहायचे आणि खंजिरीवर स्वतःच गायचे. आजच्या भाषेत सिंगर-साँगरायटर. त्यांच्या भजनांतही 'तुकड्यादास' येतोच. १९०२ साली कलकत्त्यात तबकड्या निघायला लागल्या, तर गौहर जान गाणं संपताना आपलं नाव पुकारायची.

जात्यावरच्या बाईनं कुणासमोर पुकारायचं? बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. शेतात, जात्यावर सुचलेलं मुलानं, सोपानदेवांनी, लिहून घेतलं म्हणून राहिलं. त्या ३ डिसेंबर १९५१ला गेल्या आणि 'बहिणाबाईंची गाणी' आली १९५२मध्ये. पहिला अल्बम, तोही मागे. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगावच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आकडा मोठाच आहे, पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट: ओवीसोबत त्यांनी गाणारीचं नाव आणि गावही लिहून ठेवलं.

भाऊ म्हणाला, "पण आजीनं तरी कुठं रचलं? तिनं तिच्या आईकडून ऐकलं."

मुद्दा बरोबर होता. मला पटकन उत्तर सुचलं नाही. ओवी अशीच चालते. पहिली ओळ ऐकलेली, दुसरीत आपल्या भावाचं नाव, आपलं गाव, आपलं दुखणं घालायचं. मालकी नेमकी कुठल्या शब्दापासून धरायची?

शेवटी आजीलाच फोन लावला. "माह्यं नाव कायले टाकता रे? माह्या मायचं हाय ते." मग जरा थांबून म्हणाली, "पऱ्हाटीच्या दोन ओव्या तेवढ्या माह्या हायेत."

गाण्यात ओव्या पाच आहेत. नेमक्या त्याच दोन ओव्यांना भावानं गिटार थांबवून नुसता आवाज ठेवलाय. का, म्हणून विचारलं होतं मी मागे. तर म्हणाला, तिथं वाजवावंसं वाटलंच नाही.

त्यानं 'पारंपरिक'च्या पुढे स्वल्पविराम दिला आणि अडला. लग्नात आजीचं नाव बदललं होतं. पऱ्हाटीच्या ओव्या तिनं लग्नाआधी जोडल्या की नंतर, हे आम्ही विचारलंच नव्हतं.

त्यानं पुन्हा फोन लावला.