युरिक अ‍ॅसिड वाढलं म्हणून डाळ बंद करायची का? आणि हृदयाशी त्याचा संबंध किती?

हेल्थ चेकअपच्या रिपोर्टमध्ये एका आकड्यापुढे लाल खूण असते. युरिक अ‍ॅसिड ७.६. संध्याकाळपर्यंत फॅमिली ग्रुपवर यादी येते: डाळ बंद, पालक बंद, टोमॅटो बंद, फ्लॉवर बंद, मटकी तर अजिबात नको. दुसऱ्या दिवसापासून घरात वरणाऐवजी दुधी भोपळ्याचं पाणी उकळू लागतं. तिसऱ्या दिवशी कोणीतरी सांगतं, "युरिक अ‍ॅसिड वाढलं की हार्ट अटॅक येतो."

या यादीतल्या बहुतेक गोष्टी निर्दोष आहेत आणि ज्या खऱ्या दोषी आहेत त्या यादीत क्वचितच असतात. हृदयाबद्दलचा इशारा पूर्ण खोटा नाही, पण ज्या अर्थाने तो सांगितला जातो त्या अर्थाने खराही नाही.

युरिक अ‍ॅसिड येतं कुठून?

आपल्या प्रत्येक पेशीत प्युरीन नावाचे घटक असतात. पेशी जुन्या होऊन मोडतात, तेव्हा प्युरीनचं विघटन होतं आणि शेवटी युरिक अ‍ॅसिड उरतं. अन्नातल्या प्युरीनचंही तेच होतं. शरीरातल्या युरिक अ‍ॅसिडचा साधारण दोन तृतीयांश भाग शरीर स्वतःच तयार करतं, अन्नातून येतो तो सुमारे एक तृतीयांश.

बहुतेक सस्तन प्राण्यांकडे युरिक अ‍ॅसिडचं आणखी विघटन करणारं एन्झाइम असतं. उत्क्रांतीच्या ओघात माणसाने ते गमावलं. त्यामुळे आपली सगळी भिस्त बाहेर टाकण्यावर. सुमारे दोन तृतीयांश काम किडनी करते, उरलेलं आतडी.

रक्तात हे प्रमाण डेसीलिटरमागे सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की त्याचे सुईसारखे स्फटिक तयार होऊ शकतात. ते सांध्यात साचले आणि शरीराने त्यांच्यावर हल्ला चढवला की गाऊट होतो. पायाच्या अंगठ्याचा सांधा मध्यरात्री अचानक लालबुंद होतो, पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही. हे स्फटिक मूत्रमार्गात साचले तर मुतखडा होतो.

पण आकडा वाढला म्हणजे गाऊट होणारच असं नाही. कसलाही त्रास नसलेल्या आणि पातळी ९ च्या वर असलेल्या लोकांमध्येही पाच वर्षांत गाऊट होण्याचं प्रमाण सुमारे २० टक्के दिसलं आहे. म्हणजे पाचातले चार जण सुटतात.

डाळ आणि पालकाचा गुन्हा काय?

डाळी, मटार, पालक, मशरूम, फ्लॉवर यांत मध्यम प्रमाणात प्युरीन असतं हे खरं. पूर्वी एवढ्यावरूनच पथ्य ठरायचं: तक्त्यात प्युरीन दिसलं, ताटातून पदार्थ गेला. हे पदार्थ खाणाऱ्यांना प्रत्यक्षात गाऊट जास्त होतो का, हा प्रश्न बऱ्याच उशिरा तपासला गेला.

अमेरिकेत ४७,१५० पुरुषांचा १२ वर्षं पाठपुरावा करणारा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळात ७३० जणांना नव्याने गाऊट झाला. मांस आणि मासे सर्वाधिक खाणाऱ्यांमध्ये धोका जास्त होता. प्युरीनयुक्त भाज्या आणि डाळी-कडधान्यं खाणाऱ्यांमध्ये तो वाढलेला दिसला नाही. दूध आणि दुग्धजन्य पदार्थ सर्वाधिक घेणाऱ्यांमध्ये तर तो बराच कमी होता. पुढे सिंगापूरमधल्या चिनी वंशाच्या लोकांच्या मोठ्या अभ्यासात सोयाबीन आणि इतर कडधान्यं जास्त खाणाऱ्यांमध्ये गाऊटचा धोका थोडा कमीच आढळला.

आपल्याकडच्या शाकाहारी घरात डाळ, उसळ, पिठलं हाच प्रथिनांचा मुख्य आधार असतो. तो काढून घेतला की त्या जागी भात, बटाटा, साबुदाणा आणि बिस्किटं येतात, वजन आणि साखर वाढते. आकडा खाली आणण्यासाठी केलेलं पथ्य उलट त्याच दिशेला ढकलतं.

टोमॅटोची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यात प्युरीन अगदी कमी असतं. तरी न्यूझीलंडमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एखाद्या पदार्थामुळे दुखणं उठतं असं सांगणाऱ्या गाऊटच्या दर पाच रुग्णांपैकी एकाने टोमॅटोचं नाव घेतलं होतं. तुम्हाला गाऊट आहे आणि दरवेळी टोमॅटोनंतरच सांधा सुजतो, असं लक्षात आलं असेल तर तो टाळा. बाकीच्यांनी आमटीतला टोमॅटो काढण्याचं कारण नाही.

मग खरे दोषी कोण?

पहिला क्रमांक गोड पेयांचा. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. यकृतात फ्रुक्टोजवर प्रक्रिया होताना पेशीतली ऊर्जा झपाट्याने खर्च होते आणि त्यातूनच प्युरीनचं विघटन वाढतं. म्हणजे कोल्ड्रिंकमध्ये प्युरीन जवळजवळ नसतानाही ते प्यायल्यावर युरिक अ‍ॅसिड वाढतं, आणि प्युरीनच्या तक्त्यात ते कुठेच दिसत नाही! २००८ मधल्या अमेरिकी अभ्यासात दिवसाला दोन किंवा जास्त गोड शीतपेयं पिणाऱ्या पुरुषांमध्ये गाऊटचा धोका, महिन्यातून एखाद्या वेळीही न पिणाऱ्यांच्या तुलनेत, ८५ टक्के जास्त होता. ३०० मिलीच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम, म्हणजे सहाएक चमचे साखर असते.

पॅकबंद ज्यूस, सरबतं आणि उसाचा रस याच गटात येतात. "नैसर्गिक" म्हणून उसाच्या रसाला सूट नाही. साखरेऐवजी गूळ किंवा मध घेतला तरी फ्रुक्टोज पोटात जातंच. अख्ख्या फळाचं मात्र वेगळं: त्यात तंतू असतात, साखर हळू शोषली जाते आणि एका बैठकीत चार संत्री कोणी खात नाही. चार संत्र्यांचा रस मात्र सहज पितो.

दुसरा क्रमांक दारूचा, त्यातही बिअरचा. अल्कोहोलमुळे किडनीतून युरिक अ‍ॅसिड बाहेर पडणं मंदावतं आणि बिअरमध्ये त्यावर प्युरीनची भर असते. रोजच्या प्रत्येक ३५५ मिली बिअरमागे गाऊटचा धोका सुमारे ४९ टक्क्यांनी वाढलेला दिसला, व्हिस्की-रमसारख्या दारूच्या एका पेगमागे सुमारे १५ टक्क्यांनी. "मुतखड्यावर बिअर प्या, लघवीतून निघून जाईल" हा सल्ला आपल्याकडे इतक्या आत्मविश्वासाने दिला जातो की तो कोणी तपासतच नाही. खडा युरिक अ‍ॅसिडचा असेल तर याहून चुकीचं औषध सापडणं कठीण.

तिसरा गट प्राण्यांच्या अवयवांचा: कलेजी, गुर्दा, भेजा. यांत प्युरीन भरपूर असतं. प्युरीन पाण्यात उतरतं, त्यामुळे तासन् तास उकळलेलं पाया सूप आणि मटणाचा दाट रस्सा यांतही ते असतं. ज्याला गाऊट आहे त्याने फोडी दोन खाव्यात, पण रस्सा वाटीभर ओरपू नये.

कडक उपाशी राहणं हेही एक कारण आहे. अन्न बंद झालं की शरीरात कीटोन तयार होतात आणि किडनीतून बाहेर पडताना ते युरिक अ‍ॅसिडशी स्पर्धा करतात. त्यात निर्जळी उपवास असेल तर पाणीही कमी. लागोपाठ उपवास किंवा झटपट वजन उतरवण्याचं डाएट केल्यावर गाऊटचा झटका येतो, तो यामुळे.

मासे: हृदयाला हवेत, सांध्याला नकोत

आतापर्यंतच्या यादीत सांधे आणि हृदय एकाच बाजूला होते. माशांपाशी दोघांचे मार्ग वेगळे होतात, आणि कोकण-गोव्यातल्या वाचकांसाठी हा प्रश्न रोजच्या ताटातला आहे.

तारली, बांगडा, मांदेली यांसारख्या माशांत प्युरीन जास्त असतं. सुकटीत पाणी उडून गेल्यामुळे प्रत्येक मुठीमागे ते आणखी वाढतं. पण तारली आणि बांगड्यातच हृदयाला उपयोगी ओमेगा-३ मेदाम्लंही भरपूर असतात. अमेरिकन हार्ट असोसिएशन आठवड्यातून दोनदा मासे खाण्याचा सल्ला देते.

कधीच गाऊट झालेला नसेल, फक्त आकडा थोडा वर असेल, तर आठवड्यातून दोनदा बांगडा खायला हरकत दिसत नाही. तो तळण्यापेक्षा तव्यावर थोड्या तेलात भाजला तर हृदयालाही बरं. वारंवार झटके येत असतील तर तारली, सुकट आणि कोळंबी-तिसऱ्यांचं प्रमाण कमी ठेवावं, आणि झटक्याच्या दिवसांत मासे पूर्ण थांबवावेत. कायमची बंदी फार थोड्यांना लागते.

युरिक अ‍ॅसिडमुळे हृदयविकार होतो का?

युरिक अ‍ॅसिड जास्त असलेल्या लोकांमध्ये हृदयविकार जास्त आढळतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पण अशा लोकांमध्ये उच्च रक्तदाब, पोटाचा घेर, मधुमेह आणि किडनीचे आजारही जास्त असतात. पोटाभोवती चरबी वाढली की रक्तात इन्सुलिन वाढतं, आणि इन्सुलिनमुळे किडनी युरिक अ‍ॅसिड परत रक्तात ओढून घेते. मग हृदयाला इजा करतं कोण, युरिक अ‍ॅसिड की त्याच्या सोबतची मंडळी?

अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासात १९९९ साली हे तपासलं गेलं. रक्तदाबासारख्या इतर कारणांचा हिशेब वजा केल्यावर युरिक अ‍ॅसिडचा हृदयविकाराशी स्वतंत्र संबंध उरला नाही.

त्याहून थेट चाचणी ब्रिटनमध्ये झाली. ऑल-हार्ट या चाचणीत साठी ओलांडलेले, हृदयविकार असलेले पण गाऊट नसलेले ५,७२१ रुग्ण होते. निम्म्यांना युरिक अ‍ॅसिड कमी करणारं अ‍ॅलोप्युरिनॉल दिलं गेलं. सरासरी पावणेपाच वर्षांनी २०२२ मध्ये निकाल आला: औषध घेणाऱ्यांपैकी ११ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी ११.३ टक्के लोकांना हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हृदयाशी संबंधित मृत्यूला सामोरं जावं लागलं. म्हणजे काहीच फरक नाही.

प्रत्यक्ष गाऊट असलेल्यांची गोष्ट मात्र वेगळी. ब्रिटनमधल्याच गाऊट रुग्णांच्या नोंदींवरून २०२२ मध्ये दिसलं की गाऊटच्या झटक्यानंतरच्या काही महिन्यांत हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका तात्पुरता वाढतो. झटक्याच्या वेळी शरीरभर पेटणारा दाह हे त्याचं संभाव्य कारण मानलं जातं. त्यामुळे गाऊट "फक्त पायाचं दुखणं" समजून पेनकिलरवर ढकलू नये.

आणि ज्यांना काहीच त्रास नाही? त्यांनी त्या लाल आकड्यासोबत रक्तदाब, साखरेची तीन महिन्यांची सरासरी, कोलेस्टेरॉल आणि क्रिएटिनिन तपासून घ्यावं. हृदयाचा खरा हिशेब तिथे लागतो.

आहाराने आकडा किती उतरतो?

आहाराकडून चमत्काराची अपेक्षा नको. युरोपीय वंशाच्या सुमारे १६,७६० अमेरिकी लोकांच्या २०१८ मधल्या विश्लेषणात, माणसामाणसांतल्या युरिक अ‍ॅसिडच्या फरकाचा जवळपास २४ टक्के भाग जनुकीय कारणांनी समजावता आला, तर आहाराच्या पद्धतींनी एक टक्काही नाही. म्हणून गाऊट झालेल्या माणसाला "तुझंच खाणं वाईट" असं सुनावणं अन्यायाचं आहे.

पण उपयोग शून्य नाही. रक्तदाब कमी करण्यासाठी तयार केलेला डॅश आहार, म्हणजे भाज्या, फळं, अख्खी धान्यं, डाळी, कमी स्निग्धांशाचं दूध आणि कमी गोड, यामुळे पातळी सरासरी ०.३५ मिलिग्रॅमने उतरली. ज्यांची मुळात ७ किंवा जास्त होती त्यांच्यात ती सुमारे १.३ ने उतरली. तोच आहार रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलही कमी करतो. मराठी ताटात त्याचं भाषांतर सोपं आहे: ज्वारीची भाकरी, पालेभाजी, वरण किंवा उसळ, कोशिंबीर आणि मीठ बेतानं घातलेलं ताक. लोणचं-पापड कमी. ग्रुपवरच्या यादीने बंद केलेलं अर्धं ताट त्यात परत येतं.

वजन जास्त असेल तर सावकाश उतरवलेले काही किलो याहून जास्त कामाचे ठरू शकतात. कॉफी पिणाऱ्यांमध्ये गाऊट कमी दिसतो, पण त्यासाठी कॉफी सुरू करायची गरज नाही.

औषधांकडेही एकदा बघा

कधी कधी आकडा ताटामुळे नाही, गोळ्यांच्या डबीमुळे वाढतो. रक्तदाबासाठी दिली जाणारी हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन, हृदयासाठीची कमी डोसची अ‍ॅस्पिरिन, टीबीवरची पायराझिनामाइड ही सगळी औषधं युरिक अ‍ॅसिड वाढवतात. ती स्वतःहून थांबवणं जास्त धोक्याचं आहे. डॉक्टरांना विचारा. रक्तदाबाच्या लोसार्टनने उलट युरिक अ‍ॅसिड थोडं कमी होतं, त्यामुळे काहींना पर्याय असू शकतो.

फक्त आकडा वाढला म्हणून अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट मेडिकलमधून स्वतःच आणून घेऊ नका. अ‍ॅलोप्युरिनॉलमुळे क्वचित त्वचेची जीवघेणी रिअ‍ॅक्शन येते. फेबुक्सोस्टॅटबाबत २०१८ च्या एका चाचणीत हृदयविकाराने मृत्यू जास्त दिसल्याने अमेरिकी औषध नियामकांनी २०१९ मध्ये ठळक इशारा दिला. २०२० च्या युरोपीय चाचणीत तो धोका दिसला नाही, तरी आधीपासून हृदयविकार असेल तर डॉक्टरांना ते सांगायलाच हवं. ज्यांना वारंवार झटके येतात त्यांना मात्र ही औषधं लागतात, पातळी ६ च्या खाली ठेवावी लागते आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडून चालत नाही.

ऐन झटक्यात केलेल्या तपासणीत युरिक अ‍ॅसिड नॉर्मल येऊ शकतं. म्हणून दुखणं ओसरल्यावर दोनेक आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात. आणि सांधा लाल, गरम झाला असून सोबत तापही असेल तर ते गाऊटच आहे असं धरून घरी थांबू नका. सांध्यात जंतुसंसर्ग झाला तरी तो असाच दिसतो आणि त्याला त्याच दिवशी उपचार लागतात.