एका गुंठ्यात कुटुंबापुरतं ‘अन्नजंगल’ : काय लावायचं, कधी छाटायचं?

अहिल्यानगर : परसात शेवगा, कढीपत्ता, वालाचा वेल आपल्याकडे पूर्वीपासून असतोच. त्याच परसबागेत जंगलासारखी उंच, मध्यम, बुटकी झाडं दाट लावली की झालं अन्नजंगल. अर्न्स्ट गॉश या स्विस शेतकऱ्याने १९८० च्या दशकापासून ब्राझीलमध्ये उजाड जमिनीवर हे करून दाखवलं. या पद्धतीला सिंट्रोपिक शेती म्हणतात.

काय लावायचं?
एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट. पहिल्या चांगल्या पावसानंतर सगळं एकदमच लावायचं.
• तीन-चार महिन्यांसाठी : भेंडी, गवार, चवळी, वाल
• पहिली दोन-तीन वर्षं : पपई, हादगा, शेवगा
• कायमची झाडं : सीताफळ, लिंबू, पेरू, आंबा
• सावलीत : हळद, अळू
• कडेने : गिरिपुष्पाच्या फांद्या
भाजी निघेपर्यंत पपई वर येते, पपई संपेपर्यंत पेरू-सीताफळ धरतं. जागा रिकामी राहत नाही.

छाटणी हेच खत
गिरिपुष्प, हादगा, शेवगा पावसाच्या तोंडावर आणि पावसाळा सरताना छाटायचा. पाला, बारीक फांद्या तिथेच जमिनीवर पसरायच्या, जाळायच्या नाहीत. गिरिपुष्प आणि हादगा हवेतला नत्र धरतात, तो पाल्यातून जमिनीला मिळतो. वाळवी लागू नये म्हणून आच्छादन खोडापासून वीतभर लांब ठेवा. उन्हाळ्यात मात्र छाटू नका, तेव्हा सावलीच पाणी वाचवते.

पाण्याचं काय?
पहिले दोन उन्हाळे निघाले तरच बाग टिकते. पाथर्डी, जामखेड, कर्जतसारख्या कमी पावसाच्या भागात सीताफळ, बोर, शेवगा यांवर भर द्या. केळी आणि अळू फक्त मोरीचं पाणी जातं तिथेच लावा. टँकरवर अवलंबून असलेल्या गावात एक गुंठ्याऐवजी पाव गुंठ्यापासून सुरुवात बरी. शेळ्या मोकळ्या फिरत असतील तर आधी काटेरी कुंपण, मग रोपं.

बी-रोपं कुठून?
अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरीच गावरान बियाण्यांची बँक उभी केली. त्यासाठी त्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. भाजीचं बी असंच घरी धरलं तर दरवर्षी विकत घ्यावं लागत नाही. फळझाडांची रोपं मात्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या किंवा शासकीय रोपवाटिकेतून घ्या. ‘फुले पुरंदर’ सीताफळ आणि ‘साई शरबती’ लिंबू ही राहुरीचीच वाणं आहेत.